पोर फिट शे

आता जो तो फिट असतो. सकाळी रस्त्यावरून हात हलवत चालणारे फिट, गोळ्या घेऊन साखर ताब्यात ठेवणारे फिट, गुडघा बदलून आलेलेही महिनाभरात फिट. माझ्या शेजारच्या बाई मला भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढताना पाहतात आणि म्हणतात, "तुम्ही अजून किती फिट आहात हो." चांगल्या मनानं म्हणतात, हे मला कळतं. मी हसून हो म्हणते, पण घरात आल्यावर पिशवी जरा जोरातच आपटते. त्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमचं गाव धुळे-पारोळा रस्त्यावर. गोष्ट साठचं दशक सरता सरतानाची. गावात इंग्रजी येणारा माणूस शोधून सापडला नसता, पण फिट या शब्दावाचून कोणाचं पान हलत नव्हतं. विहीर मोजायची ती फिटांत; फूट हा शब्द आमच्याकडे भावाभावांत पडण्यासाठी राखून ठेवलेला. मळ्यातल्या इंजिनाचा नट ढिला झाला की तो फिट करायचा, म्हणजे आवळायचा. गावात वीज आली तेव्हा ज्यांनी घरात तारा ओढून घेतल्या, त्यांनी आपण 'फिटिंग' केल्याचं न विचारताच चारचौघांत सांगितलं. शिंप्याकडून आणलेली चोळी फिट झाली म्हणजे नीट बसली असं कोणी समजू नये. दंडाला काचते आहे, उसवून द्या, असा त्याचा अर्थ. पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीत आडवा झालेला गडीही फिटच असायचा, आणि त्याला फिट करणारी हातभट्टी गावाबाहेर नाल्यात होती. एका शब्दावर सगळ्यांनी आपापली गोणी लादली होती आणि तो बिचारा निमूट चालत होता.

मराठीचं स्वतःचं फिटणं त्याहून वेगळं. हौस फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, संशय फिटतो. यातलं काय काय माझ्या वाट्याला आलं ते पुढं येईलच.

पण या सगळ्यांत एक अर्थ असा होता, की तो उच्चारताना बायका आवाज खाली आणत आणि पदर तोंडाशी नेत. फिट येणं. जुनी माणसं मिरगी म्हणत, फेफरं म्हणत. दवाखाने झाल्यापासून फिट म्हणू लागली. नट, विहीर, चोळी असं काही आजूबाजूला नसताना, एखाद्या माणसाबद्दल आणि त्यातून लग्नाच्या पोरीबद्दल फिट हा शब्द निघाला, की त्याचा अर्थ हाच आणि एवढाच. प्रकृतीनं ठणठणीत असा अर्थ त्याला असतो, हे आमच्या गावाला माहीत नव्हतं. ते माझ्यामुळं माहीत झालं आणि माझ्याच मुळावर आलं.

मी धुळ्याला राहून मास्तरकीचा कोर्स केला होता. आमच्या भाऊबंदांत एवढं शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. शिक्षिकेच्या नोकरीचा हुकूम आला, शाळा साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडच्या एका खेड्यात. हजर होण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून यायची होती. याच सुमारास पारोळ्याच्या एका घरी माझ्या लग्नाची सुपारी फुटली होती. मुलगा जळगावला जिनिंगच्या कारखान्यात कामाला होता. फिटर होता. होय, फिटरच. हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधी विसरले नाही.

बघण्याच्या कार्यक्रमात तो फारसं बोलला नव्हता. त्याची नखं कितीही घासली तरी कडेनं काळी राहिली होती आणि ती लपवायला त्यानं मुठी मिटून ठेवल्या होत्या. ते मला आवडलं. त्याच्या आत्यानं नोकरीबद्दल नाक मुरडलं तेव्हा तो मान वर न करता म्हणाला होता, करू द्या की तिला नोकरी. एवढ्या एका वाक्यावर मी त्याला मनात जागा देऊन टाकली. मला ती नोकरी हवी होती आणि मुलगाही हवा होता. दोन्ही मिळणार असं दिसत होतं, आणि असं दिसणं हेच आमच्याकडे पोरींच्या नशिबात फार दिवस टिकत नाही.

तपासणीला मी आबांबरोबर गेले. आबा म्हणजे माझे वडील. साधा शेतकरी माणूस, कपाशी आणि भुईमूग यापलीकडं त्यांचं जग नव्हतं, पण मला शिकवायचं त्यांनी कोणाच्या विरोधाला न जुमानता शेवटपर्यंत लावून धरलं. डॉक्टरांनी वजन घेतलं, छाती ऐकली, डोळे तपासले, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि शेवटी कागदावर सही करता करता म्हणाले, "फिट. जा आता, पोरांना शिकवा."

बाहेर आबा कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी विचारलं, काय सांगं डॉक्टरनी. मी आनंदानं आमच्या अहिराणीतच म्हणाले, फिट शे सांगं, म्हणजे फिट आहे असं सांगितलं. आबा मटकन खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले की हे तुझ्या मायला सांगू नकोस, आपण एखादा चांगला वैद्य पाहू. मला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा मी तिथंच पोट धरून हसले आणि त्यांना समजावून सांगितलं, की आबा, हे फिट ते फिट नव्हे. हे फिट म्हणजे निरोगी, धडधाकट, कामाला लायक.

आबांच्या चेहऱ्यावर जे ऊन पडलं ते मला आजही दिसतं. तो शब्द त्यांना इतका आवडला, की काय सांगू. त्यांनी मला भजी खाऊ घातली, भजीवाल्याला सांगितलं. एस.टी.त बसलो तर कंडक्टरला सांगितलं. तिकीट फाडणाऱ्या त्या माणसाला काय पडलं होतं? पण आबा अभिमानानं म्हणाले, "आमनी पोर फिट शे. डॉक्टरनी सांगं." कंडक्टर माझ्याकडं बघून जरा मागं सरकला. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, नाहीतर तिथंच शहाणी झाले असते. आबांचा स्वभावच असा, की त्यांना एखादी गोष्ट समजली म्हणजे ती सगळ्या जगाला समजली असं ते धरून चालत.

पुढच्या बाजाराला आबा पारोळ्याला गेले. तिथं त्यांना मुलाचे काका भेटले. आबांनी त्यांना भर बाजारात, शेंगांच्या ढिगाशेजारी उभं राहून ती शुभवार्ता दिली. पोर फिट शे, धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, सरकारनं तसं लिहून दिलं. काका चहाचं निमंत्रण न घेताच निघून गेले. आबा घरी येऊन म्हणाले की पोरीला नोकरी लागली हे त्यांच्या पोटात दुखतंय वाटतं. माय म्हणाली, दुखू द्या. आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतरच्या आठवड्यात मुलाची आई आणि आत्या न कळवता आमच्या दारात उभ्या राहिल्या. चोळ्यांचं माप घ्यायला आलो म्हणाल्या. त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा होता हे आम्हाला ठाऊक होतं. ती काटक, बारीक डोळ्यांची बाई होती आणि बोलण्याआधी समोरच्याला पुरतं न्याहाळून घ्यायची. चोळीच्या मापाला मनगट लागत नाही; तिनं माझं मनगट उलटंपालटं करून पाहिलं. तिथं भाकरीच्या तव्याचा एक जुना डाग होता. खान्देशात भाकरी करणाऱ्या कोणत्या बाईच्या हातावर तो नाही? तिनं त्या डागावर बोट ठेवलं, भावजयीकडं पाहिलं, आणि भावजयीनं मान हलवली. मग तिनं मला सहज विचारल्यासारखं विचारलं की जीभ कधी दाताखाली येते का. मी म्हणाले, येते, तिखट खाताना घाई केली की येते. पुन्हा दोघींची नजरानजर झाली.

मग म्हणाली, आमच्यासाठी भाकरी टाक, तुझ्या हातची खाऊ. मी चुलीपुढं बसले. त्या दोघी माझ्या दोन बाजूंना इतक्या जवळ येऊन बसल्या, की मला भाकरी थापायला कोपर हलवता येईना. पाहुण्या बायका चुलीपाशी अशा खेटून का बसतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मिरगीवाल्याला विस्तवाजवळ आणि पाण्याजवळ एकटं सोडू नये असा आमच्याकडं समज. त्या माझी काळजी घेत होत्या, असं म्हणायलाही हरकत नाही. पण काळजी घेणारी माणसं तोंडानं विचारतात, डोळ्यांनी दबा धरून बसत नाहीत.

सरपण ओलं होतं. धूर माझ्या डोळ्यांत गेला, मी डोळे घट्ट मिटले आणि पिठाच्या हातानं कपाळ धरून जोरात ठसकले. तेवढंच पुरे झालं. आत्यानं झडप घालून माझी मान धरली आणि काही कळायच्या आत एक ठेचलेला कांदा माझ्या नाकावर दाबला. तिच्या पिशवीत तो तयारच होता. पारोळ्याहून येताना ती तो बरोबर घेऊन आली होती. मुलाच्या आईनं किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीत कोंबला. आणि मी डोळे उघडले तेव्हा आत्याच्या दुसऱ्या हातात, माझ्या तोंडापासून विताएवढ्या अंतरावर, तिची स्वतःची चप्पल होती. ती हुंगवायची राहिली होती.

माय ओरडत आत आली. आत्या तिला शांतपणे म्हणाली की घाबरू नको बाई, गेली वाटतं; पोरीला फिट आहे हे तुमच्याच माणसानं भर बाजारात सांगितलं.

मला हसू आलं. नाकाडोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत असताना मी हसत सुटले, आणि त्यांनी त्या हसण्याचाही अर्थ लावला. मग मी तोंड धुऊन आले आणि शाळेतल्या मुलांना समजावतात तसं समजावलं. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत. एक आजार, दुसरा त्याच्या बरोबर उलटा. आपल्यातही असतं की असं. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारचा पैसा. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "शब्द एक शे तं दुखनं बी एकच व्हई ना." मी कोर्सात व्याकरण शिकले होते, पण हातात चप्पल धरलेल्या बाईपुढं व्याकरण चालत नाही. भाकरी न खाताच त्या गेल्या. कांदा चुलीपाशीच राहिला.

त्या दिवसांत माझा जीव फक्त एका गोष्टीवर टिकून होता. मला वाटायचं, तो आहे ना जळगावला. त्याच्या घरी हे गेलं की तो एका वाक्यात मिटवील. ज्याच्या कामाचं नावच या शब्दावरून पडलंय, जो दिवसभर हे फिट कर, तो नट फिट बठना नही, म्हणजे बसला नाही, असंच बोलतो, त्याला हे कळणार नाही? तो आत्याला म्हणेल, अगं वेडे, फिट म्हणजे चांगलं. नोकरीच्या वेळी बोलला होता तसं, मान वर न करता म्हणाला तरी चालेल. मी रोज पारोळ्याकडच्या निरोपाची वाट पाहत होते.

निरोप आला तो माझ्या मामानं आणला, कारण सोयरीक त्यानंच जमवली होती. निरोप असा: "डॉक्टरकडथून लिखी लया, पोरले फिट नही शे." तसा कागद आणला तर लग्न, नाहीतर आपापल्या वाटेनं. कागदावर काय लिहिलंय ते ऐकायला मुलगा स्वतः धुळ्याला येईल, कारण घरात इंग्रजी त्यालाच कळतं.

माझा संताप झाला, पण त्यात थोडी आशाही होती. निदान तो येणार होता.

गावात तोवर सगळीकडं झालं होतं. विहिरीवर पाणी काढायला गेले की कोणी ना कोणी दोर माझ्या हातातून घेई. मी सगळ्यांना तारस्वरात सांगत होते की मला तसलं काही नाही, मला तसलं काही नाही. आमच्या गल्लीत एक बाई होती, तिला खरोखरच मिरगी होती. तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर वर्षभरात तिला माहेरी आणून सोडली होती आणि मग दुसरी केली होती. ती त्या दिवशी विहिरीवर होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "माले फिट येस. पन मी बी भाकर करस." आणि हंडा उचलून गेली. त्यानंतर मात्र मी ती वाक्यं म्हणणं बंद केलं. ज्याला आजार आहे त्यानं काय चोरी केली होती? आजार नसल्याचा दाखला मी कोणाला आणि का द्यायचा, हे त्या बाईनं मला न विचारता विचारलं होतं. पण लग्न हवं होतं, म्हणून मी आबांबरोबर पुन्हा धुळ्याची गाडी धरली.

तो दवाखान्याच्या फाटकापाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला. आबांना नमस्कार केला, माझ्याकडं पाहून ओळखीचं हसला. आम्ही तिघं आत गेलो. आबांनी डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाजार, कांदा, चप्पल, काही गाळलं नाही. डॉक्टर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला त्या हसण्याचाही राग आला. ज्याच्या नाकावर कांदा दाबला जात नाही त्यालाच ते एवढं गमतीचं वाटतं.

मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मोठी पंचाईत आहे, बाई. मी फिट लिहिलं तर तुमचं लग्न मोडतं, आणि फिट नाही लिहिलं तर तुमची नोकरी जाते. काय लिहू ते तुम्हीच सांगा."

आबांनी हात जोडले. डॉक्टर भले होते. म्हणाले, काळजी करू नका, इंग्रजी बाजूला ठेवू. या मुलीला फेफऱ्याचा विकार नाही, असं सरळ मराठीत लिहून देतो. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. आबांनी सुटकेचा श्वास टाकला. लिहायला सुरुवात करता करता त्यांनी सहज म्हणून मुलाला विचारलं की आपण काय करता. तो म्हणाला, जळगावला जिनिंगमध्ये फिटर आहे.

डॉक्टरांनी पेन उचलून त्याच्याकडं पाहिलं. म्हणाले, अहो, मग फिट म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगायचं?

तो हसला. जरा लाजून, मान खाली घालून, बघण्याच्या दिवशी हसला होता तसाच. म्हणाला, "मला माहीत होतंच, साहेब. कारखान्यात आमचीही अशीच तपासणी झाली होती."

त्या खोलीत वडिलांसमोर होणाऱ्या नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी बोलले. विचारलं, कधीपासून माहीत होतं.

"काकांनी घरी येऊन सांगितलं तेव्हापासून," तो म्हणाला. "मी पंधरा दिवस सुटीवर घरीच होतो."

म्हणजे आत्यानं पिशवीत कांदा भरला तेव्हा तो तिथं होता. मी विचारलं, मग घरात सांगितलं का नाही?

त्यानं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, एवढं मला कबूल केलं पाहिजे. तो म्हणाला, "मोठी माणसं बोलत होती. आणि म्हटलं, एकदा खात्री झालेली काय वाईट?"

खात्री. आत्या अडाणी होती. तिला एकच अर्थ माहीत होता आणि त्या अर्थाशी ती इमानदार होती. तिनं मला कांदा हुंगवला तो मी आता हसून सांगू शकते. पण हा शब्दाचा धनी होता. याच्या जिभेवर खरा अर्थ तयार होता आणि यानं तो गिळून ठेवला, का, तर फुकटात माल पारखून मिळत होता. नट आवळण्याआधी आटे तपासतात, तसं. माझी शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. मी म्हणाले, "तुमले माहीत व्हतं. तरी मना नाकले कांदा लावू दिधा."

त्यानं मुठी मिटून घेतल्या. त्याच मुठी, काळ्या नखांच्या. या वेळी मला त्या आवडल्या नाहीत.

मी डॉक्टरांना म्हणाले, लिहू नका. ते आबांकडं पाहू लागले. खरा निर्णय आबांचा, असं त्यांना वाटलं असणार; कोणालाही वाटलं असतं. मलाही धाकधूक होती. आबा क्षणभर त्या कोऱ्या कागदाकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि डॉक्टरांना रामराम घातला. बाहेर तो आमच्या मागोमाग आला, मी घरी समजावतो म्हणू लागला, आता समजावतो. आबांनी त्याला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "जा भाऊ, तुमनी गाडी निंघी जाई."

घरी माय रडली. मामानं आमच्या घरचं पाणी वर्षभर वर्ज्य केलं. आणि गावाचं तर काय विचारता? इतके दिवस जे कुजबुजत होते ते आता उघड बोलू लागले. सोयरीक मोडली म्हणजे काहीतरी असणारच. धूर निघाला तो विस्तवाशिवाय का? मुलाकडच्यांनी किती समजूतदारपणा दाखवला, दवाखान्यापर्यंत आले बिचारे, आणि हिनंच कागद घेतला नाही. का घेतला नाही बरं? माझा नकार हाच माझ्या आजाराचा पुरावा ठरला. यातून सुटायला एकच वाट होती, की मी तो कागद आणून गल्लीत फिरवायचा. मी आणला नाही. पिंपळनेरकडच्या माझ्या शाळेत हजर झाले, चिंचेखाली भरणाऱ्या दोन वर्गांना शिकवू लागले, आणि पुढं यथाकाळ माझं लग्नही झालं, ज्यानं बघायला आल्यावर असला काही दाखला मागितला नाही अशा माणसाशी. पण आमच्या गावातल्या काही घरांत मी अजूनही ती फिटवाली पोरगीच आहे, याची मला कल्पना आहे.

शाळेवर हजर व्हायला निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. आमच्या घरासमोर पार होता. तिथं नेहमीची माणसं बसलेली, आबाही होते. मी ओट्यावर ट्रंक भरत होते. कोणीतरी मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात विषय काढला, की एवढी चांगली सोयरीक, मुलगा कमावता, मग मोडली ती कशानं? माझा हात ट्रंकेत तसाच राहिला. दवाखान्यातून परतल्यापासून आबांनी तो शब्द तोंडातून काढला नव्हता. आपल्याच जिभेनं पोरीचं वाटोळं केलं असं ते मायपाशी म्हणत, असं मला नंतर कळलं.

आबांनी विडी विझवली. सगळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि भर बाजारात बोलले होते त्याच मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"आमनी पोर फिट शे. पोऱ्या फिट बठना नही."